डेलोस्पर्मा, ट्रे क्र. ३: पुन्हा आडवा

काल रात्री डेलोस्पर्माची (जाड, रसाळ पानांचं बुटकं फुलझाड) ३९ रोपं उभी होती. सकाळी २२. मागच्या नोंदीत ‘या वेळी जमलं’ असं लिहिलं होतं, ते शब्द परत घेतो.

पडलेलं प्रत्येक रोप मातीला टेकतं तिथेच मऊ, काळपट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं. वरची दोन गुबगुबीत बीजपत्रं (बीतूनच येणारी पहिली पानं) मात्र टवटवीत. म्हणजे मरच, कोवळी रोपं बुडाशी कुजवणारा बुरशीचा रोग. पहिल्या ट्रेच्या वेळी मी कोकोपीटला शिव्या दिल्या, दुसऱ्याच्या वेळी बियाण्याला. (त्या पाकिटात बियांपेक्षा भुसा जास्त होता, हे मत अजून कायम.) या खेपेला मिश्रण चाळलेलं: एक भाग कोकोपीट, दोन भाग परलाइट (हलके पांढरे खडे) आणि धुतलेली भरड वाळू, वरून उकळतं पाणी. बी नुसतं वर पसरलेलं, कारण उजेड हवा. तरी तेच!

मग भिंग घेऊन बसलो. १७ पैकी १५ रोपं एकाच कडेची. टेबलाला किंचित उतार आहे, झाकणाच्या आतले थेंब ओघळून नेमके त्याच कडेला टपकतात. तिथे शेवाळाचा हिरवा पापुद्राही धरलाय. उगवण १० व्या दिवशी झाली होती आणि झाकण २१ व्या दिवशीही घट्ट! कारण भीती. सुरुवातीचं मूळ केसाएवढं, एका दुपारीत सुकतं. सुकू नये म्हणून कुजवलं.

आता झाकण अर्धं उघडं आणि पाणी फक्त खालून: ट्रे पाण्यात ठेवायचा, वरची वाळू गडद दिसली की उचलून निथळायचा. फवाऱ्याची बाटली कपाटात गेली. बुरशीवर म्हणून दालचिनीची पूडही भुरभुरून पाहिली. वास छान येतो, याहून जास्त श्रेय देणार नाही.

उरलेल्या २२ पैकी चौघांना खरी पानं फुटलीत. उन्हात भिंगाखाली धरली तर साखरेचे कण चिकटवल्यासारखी चमकतात, पाणी साठवणाऱ्या त्या फुगीर पेशी! अर्धा तास तेच बघत होतो. सेडम एकर (दुसरं एक रसाळ झाड) अजून धुळीएवढंच आहे. पोर्टुलाका (ऑफिस टाइम) काहीही न करता उगवला, त्याच्याबद्दल काय लिहायचं.

पुढच्या ट्रेसाठी नवं पाकीट मागवणार होतो. पण हे लिहिताना आठवलं, मोठ्या कुंडीतल्या कूपरीवर (डेलोस्पर्माचीच एक जात) वाळलेली बोंडं आहेत आणि ती पावसातच उघडतात. थांबा, करूनच बघतो.

केलं. ड्रॉपरने एक थेंब टाकला. काही मिनिटांत पाची झडपा चांदणीसारख्या उलगडल्या, पुढच्या थेंबांनी बिया उडून बशीत. तीन बोंडांतून ६० च्या वर, भुसा शून्य! शेजारीच पिवळं नुबिजेनम (डेलोस्पर्माचीच दुसरी जात) फुललं होतं, त्यामुळे पिल्लं कुठल्या रंगाची निघतील ते मधमाश्यांनाच ठाऊक.

तेव्हा पाकीट रद्द. अर्ध्या बिया आत्ताच ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक करून पेरल्या, उरलेल्या कागदावर सुकताहेत. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवलाय. या वेळी पहिली दहा उगवली की झाकण निघणार, मग उरलेल्यांचं काय व्हायचं ते होवो.