आमची वाटचाल : संक्रांतीच्या वाणापासून सोंगट्यांच्या पटापर्यंत

"तुम्ही नक्की काय विकता हो?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला जातो की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. खेळ विकतो, तांब्या-पितळेची भांडी विकतो, लाकडी खेळणी विकतो, दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे विकतो आणि जानेवारीत वाणाचं सामान. थोडक्यात आजीच्या घरी जे हाताशी असायचं आणि आता मॉलमध्ये मिळत नाही ते. दुकान नारायण पेठेत आहे, जागा लहान, माळा मोठा, त्यामुळे निभतं.

पण सुरुवात दुकानापासून नाही झाली, वाणापासून झाली. तेव्हा हळदीकुंकवाला जाल तिथे प्लास्टिकचा डबा नाहीतर चाळणी मिळायची, घरी त्याचा ढीग व्हायचा आणि पुढच्या वर्षी तोच डबा दुसरीकडे वाण म्हणून जायचा 😀 मी आणि माझ्या नणंदेनं ठरवलं की यंदा काहीतरी वेगळं द्यायचं, म्हणून तुळशीबागेतून पितळी भातुकलीचे सुटे नग घाऊक घेतले, कुणाला छोटा बंब, कुणाला घंगाळ, कुणाला जातं. बायका खूश. आठवड्याभरात एकीचा फोन, मुंजीला दीडशे नग मिळतील का, मग तिच्या जावेचा बारशासाठी, मग कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या हॉलमध्ये बसायला जागा नसायची, सगळीकडे खोके, सासूबाई पुड्या बांधायच्या आणि सासरे वहीत हिशोब लिहायचे. आजही खरं सांगायचं तर दुकानाचं भाडं याच रिटर्न गिफ्टच्या ऑर्डरींतून निघतं. खेळांतून नाही. खेळ विकायला वेळ लागतो, त्याबद्दल पुढे लिहितेच.

खेळ आले सावंतवाडीमुळे. आमच्या ह्यांचं आजोळ तिकडचं. तिकडे गेलं की चितार आळीत चक्कर ठरलेली, लाकडी फळं, चक्क्या, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी. एकदा राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघितल्या आणि मी तिथून हलायलाच तयार नाही. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मुघली गंजिफा ९६ पत्त्यांचा, आठ रंग. सावंतवाडीच्या राजघराण्यानं ही कला मरू दिली नाही, राजवाड्यातच कारागीर बसवून काम चालू ठेवलं, म्हणून आपल्याला आज ती बघायला तरी मिळते.

दोन संच घेऊन आलो, कर्वे रोडवरच्या एका हॉलमधल्या प्रदर्शनात मांडले. पहिला संच एका आर्किटेक्ट बाईंनी घेतला आणि विचारलं, फ्रेम करायला कुठे देऊ? दुसरा घेणाऱ्यानंही हेच विचारलं. पैसे मिळाले पण मला ते काही केल्या पटेना. हाताने रंगवलेले १२० पत्ते आणि कुणी एक डाव खेळणार नाही? घरी आल्यावर यावर बरीच वादावादी झाली, ह्यांचं म्हणणं गिऱ्हाईक पैसे देतंय, त्यानं भिंतीवर लावलं काय नि खेळलं काय, आपल्याला काय करायचंय. धंद्याच्या हिशोबानं बरोबरच होतं त्यांचं. पण मी अडून बसले की जे विकायचं ते वापरता यायला पाहिजे आणि कसं वापरायचं ते आपण सांगायचं. तेव्हापासून दुकानात शोपीस म्हणून एकही वस्तू ठेवलेली नाही, आणि हे दिसायला सोपं वाटतं पण आमचं निम्मं काम तेच झालंय.

कारण नियम कुणाला पूर्ण येतच नाहीत! सोंगट्यांचंच घ्या. पट सगळ्यांनी पाहिलेला असतो, फुलीसारखा कापडी, चार पट्टे, प्रत्येकात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरं, आणि चौघांच्या मिळून सोळा सोंगट्या. फतेहपूर सिक्रीला तर अंगणातल्या फरशीतच पट आखलेला आहे. पण दान कसं मोजायचं विचारा, एकाच सोसायटीतल्या तीन आज्या तीन हिशोब सांगतील आणि तिघी ठाम. कुणी सहा कवड्यांनी खेळतं, कुणी सातांनी, कुणी कवड्या नाहीच, लांबट फासे. आम्ही सहा कवड्यांचा एक हिशोब पक्का करून छापला, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, एक उताणी तर दहा, दोन ते सहा उताण्या असतील तर तेवढेच. खाली मोठ्या अक्षरात ओळ टाकली : "तुमच्या घरी वेगळं खेळत असाल तर तेच बरोबर." या एका ओळीमुळे भांडणाचे फोन बंद झाले. नाहीतर सदाशिव पेठेतून एक काका रोज सकाळी फोन करून मला नियम शिकवत होते.

तरुण पोरं येतात ती पट बघून म्हणतात, "अरे हा तर लुडो." मग आम्ही सांगतो की बाबांनो उलटं आहे, लुडोचं पेटंट इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घेतलं, पचिशी म्हणजे हा आपला सोंगट्यांचा खेळ त्याच्या कितीतरी आधीचा. सापशिडीचंही तसंच, आपला मोक्षपट तिकडे जाऊन आला आणि येताना त्यातली पापपुण्यं गाळून आला.

गंजिफाचे नियम त्याहून किचकट. तिघांनी खेळायचं, प्रत्येकी ४० पत्ते, निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ, शिवाय दिवसा डाव असेल तर रामाच्या राजानं उतारी, म्हणजे पहिलं पान त्याचं, आणि रात्री असेल तर कृष्णाच्या. हे सगळं कागदावर वाचून कुणालाही जमत नाही, बसवून शिकवावं लागतं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी दुकानात पट मांडायला लागलो. सुरुवातीला कुणी यायचं नाही, मी आणि नणंदच खेळत बसायचो. मग कॉलेजची मुलं यायला लागली, मग रिटायर मंडळी, आता दोघांची जुंपते तेव्हा बघायला मजा येते. विक्री त्यातूनच झाली, जाहिरातीतून नाही.

भांड्यांचं वेगळंच. कसबा पेठेत तांबट आळी आहे हे पुण्यात वाढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, आणि तिथे सकाळी गेलात तर ठोक्यांच्या आवाजात बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मठारकाम म्हणजे ते ठोके, ती नुसती नक्षी नव्हे, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. पूर्वी बंब आणि हंडे व्हायचे, आता बंब कोण घेणार, गीझर आले. आम्ही त्यांच्याकडून वाडगे, तांबे, छोटी पातेली करून घेतो. तांब्याच्या बाटल्यांचं फॅड आलं तेव्हा मात्र डोक्याला ताप झाला. बाटली काळी पडली, परत घ्या. अहो तांबं आहे, काळं पडणारच, चिंच-मीठ लावा. कुणी त्यात लिंबू सरबत भरतंय, कुणी ताक. आंबट काहीही बिनकल्हईच्या, म्हणजे आतून कथलाचा थर नसलेल्या, तांब्या-पितळेत ठेवायचं नाही, हे आता आम्ही बिलावरच छापतो.

आणि कल्हई! भांडं विकलं आणि कल्हईवाला मिळाला नाही तर ते भांडं माळ्यावर जाणार, म्हणजे परत शोपीसच झालं. म्हणून महिन्यातून एक रविवार आम्ही कल्हईवाल्या चाचांना बोलावतो. भट्टी पेटते, तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर, मग कथील फिरवून फडक्यानं पुसलं की भांडं आतून आरशासारखं. पोरं डोळे फाडून बघतात. वरच्या मजल्यावरून धुराची तक्रार आली, साहजिक आहे, म्हणून आता मागच्या बोळात बसतात. कल्हईची भांडी रिकामी गॅसवर ठेवू नका एवढंच सगळ्यांना सांगते, कथील २३२ अंशांनाच वितळतं, फोडणी करपायच्या आधी कल्हई उतरेल. पाटा-वरवंटा घेणाऱ्यांनाही टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून खडबडीत करून, देणाऱ्याचा पत्ता देतो, गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते.

सगळ्यात कसोटीचा काळ म्हणजे २०२०-२१. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पण पटांची मागणी एवढी की शिवणाऱ्या ताईंना कापड पोचवायचं कसं हाच प्रश्न. तेव्हाच एका मोठ्या ऑनलाइन साइटवर माल टाकला. कमिशन जाऊन हातात काय उरलं विचारू नका, वर रिटर्नमध्ये सोंगट्या कमी यायच्या. वर्षभरात बंद केलं, आता व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतो आणि कुरियर करतो.

त्यातच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नियम चांगला आहे, रंगात काय काय घालतात बघितलं तर हवाच होता. पण चितार आळीतला माणूस लाकडी चक्की टेस्ट करायला लॅबमध्ये कुठून जाणार? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, हे कळल्यावर जीवात जीव आला. मग ज्यांच्याकडे कारागिराचं ओळखपत्र नव्हतं त्यांच्यामागे लागून अर्ज करायला लावले, फॉर्म ह्यांनी भरून दिले. भिंतीवर फ्रेम लावा म्हणणारे हेच ते गृहस्थ, आता कारागिरांचे कागद घरच्या कागदांपेक्षा नीट ठेवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळणी आणि बोर्डगेमचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा जुन्या स्टॉकवर नवीन किमतीचे स्टिकर लावत सगळं घर बसलं होतं.

परदेशातून खूप विचारणा असते. अमेरिकेला पुरणयंत्र, शेवयांचा सोऱ्या, मोदकाचे साचे हमखास जातात. खवणीची विळी पाहिजे असेल तर ती चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत घेऊन सिक्युरिटीला अडकलेल्या एका आत्यांनी आम्हालाच फोन लावला होता, जणू आम्ही येऊन सोडवणार! ऑस्ट्रेलियाला सागरगोटे आम्ही पाठवत नाही. ते झाडाचं बी आहे आणि बियांच्या बाबतीत तिथले लोक फार कडक, पार्सल उघडून काढून घेतील. त्यांना आम्ही गोल दगडांचा संच देतो, खेळ तोच.

सध्या पिंगुळीच्या बाहुल्यांवर काम चालू आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. मुलांना घरी नाचवता येतील अशा साध्या, कमी दोऱ्यांच्या बाहुल्या करून घ्यायचं डोक्यात आहे. दोरे गुंततात ही अडचण अजून सुटलेली नाही, सुटेपर्यंत विकणार नाही.

शनिवारी सहानंतर या, पट मांडलेला असतो, एकटे आलात तरी जोडीदार मिळेल. पार्किंगचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.