तलंग की कोंबडा?

सोलापूरकडच्या गावांत खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना घरातलं कुणीतरी टोकदार अंडी बाजूला काढतंच. टोकदारातून कोंबडा, गोलातून तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, असा हिशेब. तो खोटा आहे. अंड्याचा आकार त्या त्या कोंबडीच्या ठेवणीवर जातो, आतल्या जिवाशी त्याचं देणंघेणं नाही. नर-मादी ओळखायला पिल्लावर दोऱ्याला बांधलेली सुई धरायची युक्तीही तसलीच. निम्म्या वेळा बरोबर येते, म्हणून टिकून आहे.

हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखतात. ही विद्या जपानची, हात बसायला फार सराव लागतो. परसात करू नये, पिल्लू आतून दुखावतं. पंखांच्या पिसांची लांबी पाहायची रीत ठरावीक संकरांतच चालते. गावरान पिल्लांना ती लावणं म्हणजे पुन्हा सुई-दोराच.

तेव्हा थांबावं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बोलायला लागतो. नराचा लालसर होऊन वर येतो, पाय जाड दिसतात. मादीचा तुरा बारीक आणि पिवळटच राहतो. पण एकट्या पिल्लाकडे बघून काही कळत नाही. एकाच वेळी फुटलेली, एकाच जातीची पिल्लं शेजारी शेजारी धरावीत. कडकनाथाचा तुरा काळसर, तिथे रंग कामाचा नाही, आकार बघावा. असीलचा तुरा जन्माचाच बुटका, तिथे घाई नको. जंत झालेला किंवा उवांनी पिडलेला नर फिका पडतो आणि खुशाल तलंगांत मोजला जातो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की पिल्लांचं खाणं तुटतं, वाढ रेंगाळते आणि सगळंच वेळापत्रक मागे सरकतं.

खरा निकाल कमरेवरच्या पिसांत. बाराव्या आठवड्यानंतर, गावरान असेल तर आणखी दोन-तीन आठवड्यांनी, अंधार पडल्यावर खुराड्यातून पक्षी अलगद काढावा. दिवसा धावपळ करून पकडलेला पक्षी धड बघू देत नाही. बॅटरीच्या उजेडात शेपटीच्या बुडाजवळची पिसं बोटानं उचलावीत. लांब, अरुंद, टोकदार आणि चकाकणारी असली की नर. रुंद आणि टोकाला गोल असली की तलंग. मानेवरची पिसंही हेच सांगतात, पण कमरेवरची जास्त स्पष्ट.

आरवण्यावर विसंबू नये. थोरल्या कोंबड्याच्या धाकातला तरणा नर बराच काळ गप्प राहतो, आणि कळपात कोंबडा नसला तर एखादी जुनी कोंबडीसुद्धा बांग देते. पायाच्या काट्याचंही तेच, वयस्क कोंबडीला तो येतो.

गोंधळ होतो तो आखाडात. माघ-फाल्गुनात फुटलेली पिल्लं तोवर साडेचार-पाच महिन्यांची होतात, गिऱ्हाईक दारात उभं असतं, आणि अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तलंगेचा तुराही नेमका तेव्हाच लालभडक होतो. मालक तिला कोंबडा समजून देऊन टाकतो. महिनाभरात घरात अंडी देणारं पाखरू तेच हातचं जातं! म्हणून पिसं पाहिली त्याच रात्री नराच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ढिला करावा, नाहीतर वाढत्या पायात रुततो. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. तो आपल्याच खुराड्यातला भाऊ ठेवण्यापेक्षा दुसऱ्या गावातून अदलाबदलीनं आणलेला बरा.