घराभोवतीचे पाच मीटर

सर्व्हेवाल्या पोराने तीनदा टेप लावून बघितली. मागच्या भिंतीपासून पाच मीटर म्हणजे बरोब्बर फणसाच्या बुंध्यापर्यंत. फणस आत, विहीर बाहेर. मी परत एकदा धर म्हटलं तर तो हसायलाच लागला. "टेप ताणली म्हूण लांबना, बाई."

बरोबरच आहे. पाच मीटर हे काही त्याने ठरवले नव्हते. गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार कायद्यात ते लिहिलेले आहेत. भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, त्याच्या परवानगीने घर करून राहणारा तो मुंडकार. कायदा म्हणतो, त्याला हुसकावता येणार नाही, आणि घर व घराच्या बाहेरच्या भिंतींपासून चारी बाजूंनी पाच मीटर जागा त्याला विकत घेता येईल. गावात ही जागा तीनशे चौरस मीटरपेक्षा कमी भरत असेल तर तीनशे, शहरात दोनशे. आमचं घर पडवीसकट बऱ्यापैकी ऐसपैस, त्यामुळे आमचा हिशेब पाच मीटरचाच.

हा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होत्या शशिकला काकोडकर. आमच्याकडे त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही. भाऊ म्हणजे त्यांचे वडील, आधीचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. भाऊंनंतर ताई, बस्स.

ताईंवर लिहिणारे बहुतेक जण भाषेवर लिहितात. मी मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, त्यामुळे मीही भाषेवरच लिहीन असं तुम्हाला वाटेल. तिकडेही जाईन थोडी. पण आधी हे पाच मीटर.

१९७२ ची निवडणूक. मी तिसरीत. ताई आमच्या डिचोलीतून मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंह या निशाणीवर उभ्या होत्या. आई संध्याकाळची भांडी तशीच टाकून म्हणाली, "चल गो, भाऊंची धूव येतली." धूव म्हणजे मुलगी. देवळासमोरच्या पटांगणात गॅसबत्ती लावली होती. भाषण मला एक शब्द आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एरवी सभेला मागे भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या बायका त्या दिवशी पुढे येऊन बसल्या होत्या आणि पुरुषांना मागे सरकावं लागलं होतं. बाबांना ते फारसं आवडलं नसावं. घरी येताना ते कंदील घेऊन दहा पावलं पुढे चालत होते.

त्या वेळी तीसपैकी अठरा जागा मगोला मिळाल्या. ताई वडिलांच्याच मंत्रिमंडळात गेल्या. पुढच्या वर्षी १२ ऑगस्टला भाऊसाहेब बांदोडकर अचानक गेले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्ट १९७३ ला, ताई मुख्यमंत्री झाल्या. वय अडतीस. आईचं एक वाक्य घरात कायम राहिलं: "बापायचें दुख्ख करपाकूय वेळ मेळ्ळो ना तिका." सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशातल्या त्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री. गोव्याला तर त्यांच्याआधी नाही आणि नंतर आजतागायत नाही.

वडिलांची खुर्ची मुलीला मिळाली, हे तेव्हाही लोक बोलत होते. खोटं कशाला सांगू, मिळाली ती तशीच. पण माणूस खुर्चीत कसा आला याच्याइतकंच बसल्यावर त्याने काय केलं हेही बघावं. धारवाडला कॉलेज, मुंबईला एम.ए., शाळकरी वयात पोर्तुगिजांविरुद्ध घोषणा देऊन थोडा वेळ अटकेतही राहिलेल्या. अगदीच कुणी आणून बसवलेली बाहुली नव्हती ती.

आणि केलं काय, तर दोन वर्षांत मुंडकार कायदा आणि १९७६ मध्ये कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती. भाऊंच्या १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिलं होतं. ताईंच्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक ठरवलं. ती दुरुस्ती वर्षानुवर्षं कोर्टात अडकली आणि शेवटी १९८४ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली, जिथल्या कायद्यांना कोर्टात आव्हान देणं सोपं नसतं. मगो म्हणजे बहुजनांचा पक्ष, असं आपण सहज म्हणून जातो. त्या म्हणण्याला कागदावर वजन या दोन कायद्यांनी आलं, असं माझं मत आहे. भाषणं सगळ्यांनीच केली.

मुंडकार म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. भाडं नाही. पण पाडेली माडांवर चढला की खाली नारळ गोळा करायला बाबा. भाटकाराकडे लग्न, चवथ, काहीही असलं की आई चुलीपाशी. पैशांचा प्रश्नच नाही, जेवण मिळे आणि उरलेलं डब्यात. छप्पर शाकारायचं तर विचारायचं. पडवी वाढवायची तर विचारायचं. भाटकार वाईट नव्हता. उलट मला पाटी-पेन्सिल त्यांच्याच घरून मिळाली होती. तो चांगला होता हीच तर पंचाईत होती.

कारण कायदा झाला, मुंडकारांची नोंद करून घ्या म्हणून गावात सांगून गेले, आजूबाजूच्या चार घरांनी अर्ज केले, आणि बाबांनी केला नाही. आई रोज विषय काढायची. बाबा गोमन्तक पेपर उलटा-सुलटा करत बसायचे. एकदा आई फार बोलली तेव्हा म्हणाले, ज्याने घराला जागा दिली त्याच्यावरच कागद कसा करायचा? त्यांना ती चोरी वाटत होती. ताईंनी विधानसभेत बसून हक्क दिला खरा, पण तो घ्यायला हात पुढे यावा लागतो. तो आमच्या घरात सतरा वर्षांनी आला. म्हातारे भाटकार गेले, मुलगे मुंबईला, आणि भाट विकायला काढलंय अशी बातमी आली तेव्हा. अर्जावर सही बाबांची आहे, पण त्यांच्यासमोर पेन आईने धरलं होतं.

तोपर्यंत ताईंचं राज्य केव्हाच संपलं होतं.

१९७७ ला मगोच्या पंधरा जागा आल्या, म्हणजे तीसच्या सभागृहात अगदी काठावर. आणि एप्रिल १९७९ मध्ये स्वतःच्याच पक्षाचे तीन आमदार पलीकडे जाऊन बसले. विधानसभा तेव्हा पणजीला मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात भरत असे. सरकार कोसळलं, राष्ट्रपती राजवट आली, जानेवारी १९८० मध्ये काँग्रेसचे प्रतापसिंग राणे मुख्यमंत्री झाले. तीन आमदार! आज गोव्यात कुणाला हे सांगितलं तर हसू येईल. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये आठ. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. ताईंच्या वेळी तो असता तर, असं आई म्हणायची. मला नाही वाटत. ज्याला जायचं त्याला दार सापडतं.

पुढची ताईंची वाट मात्र आईलाही नीट कळली नाही. त्या काँग्रेसमध्ये गेल्या. आईने पेपर चुलीत घातला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग तिथून बाहेर पडून वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, १९८४ च्या निवडणुकीत त्याचं काही चाललं नाही, आणि अखेर परत मगो. ज्या पक्षासाठी भाऊंनी एवढं केलं तो सोडायला नको होता, असं मलाही वाटतं. पण बारा गावं फिरून आलेल्या माणसाला उंबऱ्यावर जाब विचारायचा नसतो, हे आईचंच शहाणपण. ताई परत आल्या तशी तिने पुन्हा सिंहावर शिक्का मारला.

आता भाषा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित संघप्रदेश ठेवायचा, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात ताई विलीनीकरणाच्या बाजूने फिरल्या होत्या. १,३८,१७० मतं विलीनीकरणाला, १,७२,१९१ संघप्रदेशाला. हरलेल्या बाजूची मुलगी सहा वर्षांनी त्याच संघप्रदेशाची मुख्यमंत्री झाली, यातली गंमत मला शिकवताना नेहमी जाणवे. १९९० मध्ये थोडेच महिने टिकलेल्या आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री होत्या, आणि प्राथमिक शाळेचं अनुदान फक्त कोकणी-मराठीसारख्या प्रादेशिक भाषांच्या माध्यमाला, हा निर्णय त्यांचा. चर्चच्या कितीतरी शाळा त्यानंतर इंग्रजीतून कोकणीत आल्या. मी तेव्हा नोकरीत सहा वर्षांची. स्टाफरूममध्ये आम्ही पेढे वाटले होते. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाला अनुदान सुरू झालं तेव्हा शहात्तर वर्षांच्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या निमंत्रक म्हणून पुन्हा रस्त्यावर. पणजीच्या एका सभेला मीही गेले होते. आवाज थकला होता, साडी तशीच कडक.

त्याच वर्षी माझा नातू इंग्रजी माध्यमात गेला. सुनेने विचारलं होतं, मी नको म्हटलं नाही. सभेत टाळ्या वाजवताना ते डोक्यात होतंच. लिहून टाकते, निदान इथे तरी.

ताई गेल्या २८ ऑक्टोबर २०१६ ला. ती नरकासुराची रात्र. वाड्यावरची पोरं कागद-गवताचा नरकासुर उभा करत होती, ढोल तापवत होती, आणि मी पहाटेच्या पोह्यांसाठी नारळ खवत होते. टीव्हीवर बातमी आली. आई तेव्हा पंचाऐंशीची, अंथरुणावर. तिला सांगितलं. ती बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हें घर तिणें दिल्लें." कोण कुणाला घर देतं? पैसे आम्ही भरले, मामलेदारासमोर तारखांना मी सुट्ट्या काढून गेले. मध्ये २०१४ ला हे सगळे खटले दिवाणी न्यायालयात नेले, मग ओरड झाली तशी परत मामलेदाराकडे आणले. आमचा निकाल त्याआधी लागला होता म्हणून वाचलो. पण आईशी त्या रात्री वाद घातला नाही.

परवाची मोजणी कुंपण घालायची म्हणून. भाट ज्यांनी घेतलं त्यांचं काम सुरू होणार आहे. विहिरीचं पाणी वापरा, काही हरकत नाही, असं ते आपणहून म्हणाले. मी थँक्यू म्हटलं आणि आत येऊन बसले.

पाच मीटरच्या आत दोन माडही येतात. बाबा असेपर्यंत त्यांचे नारळ पडले की ते पडवीच्या कोपऱ्यात वेगळे रचून ठेवायचे. निकालाचा कागद कपाटात आल्यावरसुद्धा. भाटकाराकडचं कुणीच न्यायला येत नसे. मग मे महिन्यात त्यांना कोंब फुटायचे आणि आई न विचारता ते उचलून आळ्यात लावून टाकायची.