कोल्हापुरातली सकाळ: आधी दूध, मग मिसळ, कॉफी शेवटी

कोल्हापुरात झणझणीत नाश्ता आणि चांगली कॉफी एकाच टेबलावर मिळवायच्या नादाला लागू नये. मिसळीची नावाजलेली दुकानं सकाळी लवकर सुरू होतात आणि दुपारी आवरतात. मशीनची कॉफी देणारे कॅफे राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या बाजूला आहेत आणि त्यातले बहुतेक दहा-अकराच्या आधी शटर उघडत नाहीत. त्यामुळे सकाळचे दोन भाग करावेत: जुन्या गावात खाणं आणि मग नव्या वस्तीत कॉफी. आमची फेरी याच क्रमानं झाली, आणि पुढच्यांनीही तोच ठेवावा.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणारे सकाळीच स्टेशनवर उतरतात. सामान लॉजवर टाकून थेट गंगावेश गाठावी. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्यावं. गंगावेशीतला दूध कट्टा म्हणजे या गावाचा पहिला नाश्ता. म्हैस तुमच्यासमोर पिळतात आणि फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध पेल्यात देतात. पैलवानांच्या तालमींमुळे रुजलेली ही सवय अजून टिकून आहे. उशीर केलात तर म्हशी गोठ्याकडे परतलेल्या असतात; मग संध्याकाळची वाट पाहावी लागते. एक पेला दोघांत घ्यावा. म्हशीचं दूध दाट असतं, पूर्ण पेला प्यायलात तर मिसळीला पोटात जागा उरत नाही. हे दूध न तापवलेलं असतं, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेली माणसं यांनी ते टाळावं आणि तापवलेलं दूध मागावं.

तिथून अंबाबाईचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्रात महाद्वार रोडवर गाडी घालू नये, बिंदू चौकाच्या बाजूला लावून चालावं. दर्शन मिसळीच्या आधी उरकावं. कटाच्या (मिसळीवरच्या तवंगदार रश्श्याच्या) तिखटानं घाम फुटलेला असताना रांगेत उभं राहणं कठीण जातं.

मिसळीसाठी शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ आणि खासबाग मैदानाजवळची खासबाग मिसळ ही नावं गावात कुणीही सांगेल. देवळाहून पायी जायचं तर खासबाग सोयीची. फडतरेंकडे रविवारी मोठी रांग असते, तिथे शक्यतो मधल्या वारी जावं. बावडा गावाच्या उत्तरेला आहे, तिकडे वाहन असेल तरच निघावं.

ताट आलं की घाई करू नये. खाली मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि शेजारी कट. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो, आणि तो योग्यच आहे: ब्रेडची जाळी कट पटकन शोषते. सगळा कट एकदम ओतला की शेव दोन मिनिटांत लगदा होते. थोडा ओतावा, चार घास खावेत, पुन्हा ओतावा. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच कट वेगळा मागावा आणि वरचा लाल तवंग चमच्यानं बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, म्हणून तवंगच सगळ्यात तिखट असतो. त्यामुळेच पाण्यानं आग विझत नाही, फक्त तोंडभर पसरते. दही मागावं. लिंबू पिळल्यानं चव खुलते, पण जाळ कमी होत नाही.

मिसळ नको असलेल्यांना लोणी डोसा आहे. दावणगिरीचा हा जाड, जाळीदार डोसा कोल्हापुरानं केव्हाच आपला केला. गाडा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: पांढऱ्या लोण्याचा डबा समोर दिसतो का, आणि डोसा तव्यावरून थेट ताटात येतो का. आधी करून रचून ठेवलेला डोसा वाफेनं ओला आणि चिवट होतो. तवा फार तापलेला असेल तर तळ करपतो आणि मधलं पीठ कच्चं राहतं. तसा आला तर परत द्यावा, बिनदिक्कत.

आता कॉफी. मिसळ आणि कॉफी यांच्यात किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. तोंड भाजलेलं असताना गरम पेय घेतलं की तिखटाची आग पुन्हा पेटते आणि कॉफीची चव कळतच नाही. रंकाळा तलावावर चक्कर मारायला ही वेळ उत्तम. कॅफे उघडायची वेळही तोवर होते.

उडुपी हॉटेलात नुसती ‘कॉफी’ मागितली तर बहुधा गोड दुधात इन्स्टंट पावडर येते. म्हणून आधी विचारावं, ‘फिल्टर आहे का? डिकॉक्शन कधी काढलंय?’ सकाळी काढलेलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दुपारपर्यंत वास सोडून देतं, नुसता कडूपणा राहतो. सकाळची पहिली किंवा दुसरी धार मिळाली तर ती घ्यावी, साखर वेगळी मागावी.

मशीनच्या कॉफीत इथली अडचण दुधाची आहे. कोल्हापूर म्हशीच्या दुधाचा जिल्हा, आणि फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के फॅट असतं. गाईच्या दुधात ते साधारण साडेतीन टक्के. एवढं फॅट कॉफीची चव दाबून टाकतं. कॅपुचिनोत डबल शॉट (कॉफीचा अर्क दुप्पट) मागावा, किंवा गाईचं दूध आहे का ते विचारावं. कप लहान असेल तर उत्तमच. कॅफे नवा असेल तर आधी एस्प्रेसो (मशीनमधून उतरलेली बिनदुधाची दाट कॉफी) घेऊन पाहावी. साधारण 18 ग्रॅम पावडरीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरली पाहिजे. दहा-बारा सेकंदांत भसाभसा आली तर दळण जाड आहे, कॉफी आंबट-पाणचट लागणार. तिथे चहा प्यावा. बीन्स कधी भाजले हे पाकिटावर पाहायला मागितलं तर चांगला कॅफेवाला आनंदानं दाखवतो.

चहाच प्यायचा तर गुळाचा. मात्र दूध नासलेला चहा बऱ्याच टपऱ्यांवर गळ्यात पडतो. दूध-चहा उकळत असतानाच गूळ घातला की ते फाटतं. जाणता टपरीवाला भांडं विस्तवावरून उतरवून, किंचित निवल्यावर गूळ घालतो. हे दोन मिनिटं उभं राहून पाहावं आणि मगच ऑर्डर द्यावी.

परतीच्या गाडीसाठी मिसळ बांधून घ्यायची असेल तर मटकी, कट आणि शेव-चिवडा तिन्ही वेगळं मागावं, कट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पातळ पिशवीतला कट सातारा यायच्या आत बॅगेत उतरतो. घरी पोचल्यावर कट खळखळून उकळावा, आणि शेव वाढताना, अगदी शेवटी घालावी.