भाकरीची वही : बेचाळिसावी रात्र

आज रात्री आमच्याकडे ज्वारीच्या भाकरी, मेथीची पातळ भाजी, शेंगाचटणी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि ताक होतं. पाच भाकरी थापल्या. चार टम्म फुगल्या, कडेपासून कडेपर्यंत, आणि वरचा पापुद्रा अख्खा सुटून आला. पाचवी एकाच बाजूने फुगली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून ही वही लिहितेय, पण सलग चार भाकरी अशा उतरण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून आज सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी रत्नागिरीकडची. आमच्या घरी भाकरी म्हणजे तांदळाची. आधणात पीठ टाकायचं, झाकून वाफ आणायची आणि उकड हाताला चटके देत असतानाच मळायची. तो हात मला लहानपणापासून होता. ज्वारीची भाकरी नीट खाल्ली ती लग्नानंतर, कारण सासर मंगळवेढ्याकडचं. सासूबाई पुण्याला आल्या की भाकरी व्हायची, त्या परतल्या की आम्ही पुन्हा पोळ्यांवर. यंदा भोगीला त्यांनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी केली आणि जाताना पंधरा किलो ज्वारी ठेवून गेल्या. ही ज्वारी संपेपर्यंत रोज रात्री भाकरीच, असं मी तेव्हा ठरवलं.

पहिले नऊ दिवस मात्र मी त्या ज्वारीला हातच लावला नाही. चांगलं धान्य शिकण्यात वाया जायला नको म्हणून घरातलं दुकानातून आणलेलं पाकिटातलं पीठ वापरत राहिले. त्या नऊ दिवसांच्या नोंदी आज वाचल्या तर सगळीकडे एकच: कडा चिरल्या, उचलताना मधोमध तुटली, तव्यावर टाकताना दुमडली. आणि प्रत्येक नोंदीखाली मी लिहिलंय, ‘थापायला अजून जमत नाही.’ रोज थापण्याचा सराव वाढवत होते. हात हलका ठेवून बघितला, बोटांनी थापून बघितलं, प्लास्टिकच्या कागदावरही थापून बघितलं.

दहाव्या रात्री व्हिडिओ कॉल लावून परात सासूबाईंना दाखवली.

‘‘अहो आई, बघा ना, कडा चिरतायत.’’

त्यांनी थापणं बघितलंच नाही. म्हणाल्या, ‘‘पीठ कधीचं आहे गं?’’

पाकिटावरची तारीख वाचून दाखवली. दोन महिने होऊन गेले होते.

‘‘मग त्याची विरी गेली. तू कितीही मळ, त्याची भाकरी व्हायची नाही. ज्वारी दिलीय ना, ती दळून आण.’’

विरी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पिठाचा चिकटपणा, पीठ स्वतःला धरून ठेवतं ती ताकद. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, त्याची जाळी होते, म्हणून पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिच्या पिठाला एकत्र धरणारा असतो तो पाण्याने आणि उष्णतेने चिकट झालेला स्टार्च. तो चिकटपणा पीठ शिळं होत जाईल तसा कमी होतो. सासूबाईंनी बघायची एक सोपी रीतही सांगितली: चिमूटभर पीठ पाण्यात कालवून दोन बोटांत दाबायचं आणि बोटं हळूच उघडायची. पीठ दोन्ही बोटांना धरून राहिलं तर विरी आहे. वाळूसारखं सुटलं तर ते पीठ थालीपिठात घालावं, धपाट्यात घालावं, पण त्याची भाकरी करू नये.

दुसऱ्या दिवशी गिरणीत दोन किलो ज्वारी दिली. ज्यांना भाकरी शिकायची आहे त्यांनी गिरणीवाल्या काकांशी ओळख करून घ्यावी, हे मी अगदी मनापासून सांगते. आमच्या काकांकडे ज्वारी-बाजरीची वेगळी चक्की आहे, आणि ज्वारी नेहमी ज्वारीवरच दळतात. बाजरीवर दळली तर पहिलं पीठ काळपट येतं. दळण बारीक हवं, पण मैद्यासारखं नको. घरी आणल्यावर पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात बंद केलं तर आत वाफ धरते, म्हणून मी ते परातीत पसरून गार करते आणि मगच भरते. दोन किलो आम्हाला साधारण पाच दिवस पुरतं. एका वेळी त्याहून जास्त दळून आणत नाही.

अकराव्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: ‘तोच हात, तीच परात, भाकरी चिरली नाही.’

ही ज्वारी मालदांडी आहे. मोत्यासारखा पांढरा, गोल, टपोरा दाणा. सोलापूरकडे रब्बीत हीच ज्वारी जास्त. पाऊस सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीभर वाढते. त्यातलं मोहोळला निवडलेलं एम ३५-१ हे वाण तर कित्येक दशकं शेतकऱ्यांनी सोडलेलं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मला त्या मानांकनाचं महत्त्व जिभेवर कळलं: भाकरी नुसती चावली तरी शेवटी गोडवा येतो. पाकिटातल्या पिठाला तो नव्हता. खरिपातल्या संकरित ज्वारीच्या भाकरीलाही मला तो कधी लागला नाही.

पिठानंतर पाणी. इथे माझा कोकणातला हात आडवा आला. मला वाटलं, उकडीने ज्वारीही सोपी होईल. बाराव्या ते सोळाव्या रात्री मी पूर्ण उकड काढून भाकरी केल्या. थापायला अगदी मऊ, कागदासारखी पातळ होते, आणि सकाळपर्यंत मऊ राहते. डब्याला द्यायची असेल तर ही रीत उत्तमच. पण ताटात गरम वाढली तेव्हा ज्वारीचा खरपूसपणा गेलेला होता आणि घास थोडा चिवट लागत होता. तांदळाला उकड मानवते, ज्वारीला निम्मीच. आता मी हे करते: एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ. त्याच्या मधे आळं करून उकळतं पाणी ओतते, साधारण ५० मिली, उलथण्याने कालवून दोन मिनिटं झाकून ठेवते. मग साधं पाणी हाताने शिंपडत मळते, ते आणखी ३५-४० मिली लागतं. पिठाप्रमाणे दोन-चार चमचे इकडेतिकडे होतात. ताज्या पिठाला सासूबाई गरम पाणी वापरतच नाहीत, पण त्यांचं मळणं माझ्यापेक्षा फार पुढचं आहे.

मळणं हे खरं काम. तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रगडत न्यायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, कारण मळलेला गोळा नुसता ठेवला तरी सुकायला लागतो. मी आधी एक मिनिट मळायची. आता घड्याळ लावून तीन मिनिटं मळते. दोन मिनिटांच्या आसपास एक क्षण येतो, खडबडीत लागणारं पीठ अचानक लोण्यासारखं गुळगुळीत होतं आणि परात स्वच्छ सुटते. तो क्षण हाताला कळायला मला पंचविसावी रात्र उजाडली. तिथून थापण्याची भीती गेली. गोळ्याच्या कडा हातावरच गोल फिरवून बंद करायच्या, परातीत पीठ भुरभुरवायचं आणि हाताच्या वजनानेच थापायचं. भाकरी आपोआप फिरायला लागते. चांगल्या मळलेल्या गोळ्याची भाकरी आठ इंचांपर्यंत जाते आणि कडेला केसभरही चीर येत नाही.

तरीही फुगत नव्हती. म्हणजे फुगायची, पण कुठेतरी वाफ निसटायची. तिसाव्या ते चाळिसाव्या रात्रीपर्यंत मी फक्त तव्याच्या नोंदी केल्या, आणि आज जे जमलं ते त्यातून.

भाकरी तव्यावर टाकताना परातीला लागलेली, पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच ओल्या हाताने पाणी फिरवायचं, सगळं कोरडं पीठ भिजेल असं, कडेपर्यंत. कडेचं पीठ कोरडं राहिलं की तिथेच चीर पडते. मग उलटायची कधी, हा सगळा प्रश्न. मी पाणी पूर्ण वाळेपर्यंत थांबायची. तोवर वरचा थर सुकून त्याला बारीक भेगा पडायच्या, आणि नंतर वाफ त्या भेगांतून जायची. लवकर उलटली तर ओलं पीठ तव्याला चिकटून पापुद्राच फाटायचा. आज मी पाण्याच्या चमकेवर नजर ठेवली. चमक गेली, पण बोट टेकवलं तर अजून गार, ओलसर लागतंय, त्याच वेळी उलटली. आमच्या बिडाच्या तव्यावर, आच मोठी असताना, हे पाऊण मिनिटाच्या आत होतं. उलटल्यावर आच मध्यम करून ही बाजू नीट भाजू द्यायची, तांबूस ठिपके येईपर्यंत, घाई न करता. मग तवा बाजूला सरकवून कमी भाजलेली बाजू थेट जाळावर.

पहिली भाकरी जाळावर टाकली आणि ती मधून वर आली, मग कडेकडेने चढत गेली. दोन पदरांत वाफ अडकलेली, कुठूनही बाहेर जायला वाट नाही. मुलगी ओट्याजवळ उभी होती, ती ओरडली, ‘‘आई, आजीसारखी!’’ मला तेवढ्यात दुसरी थापायची होती, पण हात जरा थांबला.

पाचवीचं काय झालं तेही लिहून ठेवते. ती थापताना एक कड पातळ राहिली होती. पातळ भाग आधी कडक झाला आणि तिकडून फुगलीच नाही. म्हणजे आता पुढचा आठवडा सगळीकडून सारखी जाडी.

भाजीचं थोडक्यात: तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे एकत्र शिजवून घेतले. तेलात लसूण ठेचून चांगला लाल केला, जिरं, हिरवी मिरची, हळद, वर चिरलेली मेथी. मेथी खाली बसली की शिजलेली डाळ घोटून घातली, दाण्याचं कूट एक चमचा, मीठ, आणि पळीवाढी होईल इतकं पाणी. मेथीचा कडवटपणा डाळीत मुरतो आणि भाकरी कुस्करून खायला ही भाजी फार छान लागते. गूळ घालू नये असं माझं मत आहे, कारण गोडवा भाकरीतच आहे.

शेंगाचटणीत मिक्सरला फाटा दिला. मंद आचेवर खमंग भाजलेले, सोललेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ खलबत्त्यात कुटले, दाण्याचं तेल सुटून चटणीचे गोळे व्हायला लागेपर्यंत. मिक्सरमध्ये भुकटी होते, तेल असं सुटत नाही. कुटायला वीस मिनिटं लागली. भाकरीचा पापुद्रा सोडवून आत ही चटणी आणि तुपाची धार, असा पहिला घास मुलीला दिला. नवऱ्याने पापुद्रा तसाच वेगळा काढून ठेवला आणि शेवटी मीठ-तेल लावून खाल्ला. त्याच्या घरी लहानपणी भावंडांत त्यासाठी भांडणं व्हायची, हे तो दरवेळी सांगतो आणि मला ते दरवेळी ऐकायला आवडतं.

जेवणं झाल्यावर सासूबाईंना चौथ्या भाकरीचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

‘‘चांगली फुगलीय. आता कडक भाकरी शिक. पातळ थापायची आणि मंद आचेवर पार कडक होईपर्यंत शेकायची. महिनाभर टिकते.’’

‘‘अहो आई, अजून जाडीच सारखी येत नाहीये.’’

‘‘येईल. तिकडे नवी ज्वारी पाठवतेय. काढणी झाली आमची.’’

पंधरा किलोतली शेवटची दोन किलो डब्यात आहे. सकाळी गिरणी उघडली की ती दळायला टाकणार. पाचवी, अर्धी फुगलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलीय. उद्या न्याहारीला ताकात कुस्करून, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देईन. तुमच्यापैकी कोणी गॅसऐवजी चुलीवर किंवा खापरावर ज्वारीची भाकरी करत असेल, तर पाणी फिरवल्यानंतर किती वेळाने उलटता ते मला नक्की सांगा. मातीचं खापर मी पुढच्या महिन्यात आणणार आहे आणि त्याच्या नोंदींसाठी वहीची पुढची पानं कोरी ठेवली आहेत.