पाली-सरड्यांची वही: रंगाचा रकाना शेवटी गेला

या उन्हाळ्यापासून वहीतले रकाने बदललेत. आधी पायाची बोटं, मग डोळा, मग खवले, शेपटी, आणि जागा उरली तर रंग. बागेतला साधा सरडा एरवी मातकट दिसतो आणि विणीच्या दिवसांत त्याच नराचं डोकं-गळा लालभडक होतं. अशा प्राण्याला रंगावरून काय ओळखणार?

सगळ्यात जास्त पानं भरली ती घरातल्या पालींनी. रात्री दिवा लावला की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येऊन चिकटते आणि आतून तिचं पोट, मांड्या, तळवे सगळं निवांत टिपता येतं. पकडायची गरजच नाही. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात, मधोमध दुभागलेल्या. त्या पट्ट्यांवरचे सूक्ष्म केस मात्र आपल्या लेन्सच्या आवाक्याबाहेरचे. टोके गेको या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात, प्रत्येकाचं टोक पुन्हा शेकडो ठिकाणी फाटलेलं. ना डिंक, ना हवा खेचून धरणं. रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स ओढीवर हा सगळा कारभार चालतो.

काचेवरच्या फोटोंत नराच्या मांडीवरची छिद्रं पाहा. पोटाशी पिवळसर, अंगाने गुळगुळीत आणि थोराड अशी पाल (हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस) असेल, तर प्रत्येक मांडीवर थोडीच छिद्रं आणि मध्ये मोकळी जागा. शेपटीवर टोकदार खवल्यांची कडी असलेल्या, चुकचुकणाऱ्या हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस या पालीमध्ये ही रांग एका मांडीवरून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते. फक्त शेपटी मूळची आहे ना, ते बघून घ्या. तुटून नव्याने आलेल्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते आणि वरचे खवलेही वेगळे येतात, त्यामुळे त्या टोकदार कड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

घाटातल्या दगडांवर दिवसाढवळ्या फिरणारी निमॅस्पिस पाल पहिल्यांदा नीट बघितली ती डोळ्यांमुळे. बाहुली गोल! घरच्या पालीची उभी चीर असते. शिवाय निमॅस्पिसच्या बोटांना रुंद गाद्या नाहीत, बारीक वाकडी बोटं आणि नखं. बिबट्या पाल, म्हणजे लेपर्ड गेको, तर आणखी वेगळी: तिला चक्क हलणाऱ्या पापण्या आहेत. बाकीच्या पाली डोळ्यावरचा पारदर्शक पडदा जिभेने पुसतात, ही डोळे मिटते. बोटांना गाद्या नसल्यामुळे भिंत चढणं हे तिचं काम नाही, अंग उचलून जमिनीवरून चालते. ती दिसली की लोक विषारी म्हणून काठी शोधतात. भारतात एकही पाल विषारी नाही, हे जिथे जातो तिथे सांगतो.

आता चाळकेवाडी. पाऊस लागण्याआधी साताऱ्याच्या या पठारावर ‘सराडा सुपर्बा’ या सरड्याचे नर दगडावर चढून निळा-काळा-नारिंगी गळा पंख्यासारखा उघडतात. २०१६ मध्ये सिटाना या सरड्यांच्या गणापासून वेगळा काढलेला हा गण (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). नर ओळखायला शाळकरी पोरसुद्धा पुरेसं आहे. मजा आहे ती मादीत. तिला ना पंखा, ना रंग. पण मागच्या पायाला बोटं चारच! साध्या सरड्याच्या पिलाला पाच असतात. मागच्या पायाचा एक स्पष्ट फोटो मिळाला की वाद संपला. (सिटानालाही चारच, तेव्हा गणापर्यंत जायचं तर नर शोधावाच लागतो.)

आणि इथेही रंगाची गंमत आहेच. २०१८ च्या एका अभ्यासात याच पठारावर पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. तिथे सरडे वाढले होते, माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, पण नरांचे रंग फिके होते. जात तीच, पठार तेच, रंग वेगळा.

साध्या सरड्यासाठी दोन खुणा पक्क्या: कानाच्या वर दोन छोटे काटे आणि कुशीवरचे खवले मागे-वर वळलेले. जंगलातला मोनिलेसॉरस रूक्सी हा सरडा त्याच्याजवळ ठेवून बघा, खांद्यापुढे त्वचेची घडी दिसते. २०१८ पर्यंत तोही साध्या सरड्याच्याच कॅलोटिस गणात होता.

गोव्यातल्या उडत्या सरड्याचं पान अजून कोरं आहे. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेला तो पडदा झाडावर बसल्यावर पार मिटलेला असतो, म्हणून तिथे कॅमेऱ्याआधी दुर्बीण काढणार.

सापसुरळी मात्र अडली आहे. तिच्या युट्रोपिस कॅरिनाटा या जातीच्या पाठीवरच्या खवल्यावर सहसा तीन कणे (उभे बारीक उंचवटे) असतात, युट्रोपिस मॅक्युलारिया या जातीच्या खवल्यावर त्याहून जास्त; पण ते चकचकीत अंग उन्हात असं चमकतं की फोटोत कणे मोजताच येत नाहीत. ढगाळ उजेड, बाजूने फ्लॅश की डिफ्यूजर, कुणाला काय जमलंय ते सेटिंगसकट सांगा.