निळी पडलेली स्लाइड

रक्ताच्या स्लाइडवर सगळीकडे निळसर झाक दिसली तेव्हा मी आधी रंगालाच शिव्या घातल्या. लिशमन रंगाची बाटली नुकतीच फोडलेली, बफर (रंगात मिसळायचं द्रावण) बिघडला असणार, असं ठरवून ती स्लाइड बादलीत टाकली आणि दुसरी रंगवायला लावली. तीही निळी. मग ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते, बघितला: 132, भलताच जास्त. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. रंग ठीकच होता, रक्तातच प्रथिन उतू चाललं होतं. इतकी वर्षं मायक्रोस्कोपवर बसून हे दुसऱ्या स्लाइडला कळावं?

पेशंट वडगावचे, साठीचे, जन्म यंत्रमागावर गेलेला. सहा महिने कंबर धरलेली, पट्टे आणि मालिश करून झालेलं. हिमोग्लोबिन 8. फिजिशियननी बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढायला माझ्याकडेच पाठवलं. मॅरोत जिकडे बघावं तिकडे प्लाझ्मा पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं. मल्टिपल मायलोमा, प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर.

रिपोर्ट न्यायला मामा सुनेला घेऊन स्वतःच आले. "काय निघालं ते सरळ सांगा की ओ."

सांगितलं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं विणायची, सेकंदाला हजारोंनी, हे प्लाझ्मा पेशीचं काम. मायलोमात एकाच पेशीची बेसुमार पिल्लावळ होते आणि सगळ्या मिळून एकच निरुपयोगी प्रतिपिंड काढत बसतात.

"ऑर्डर नसताना?"

"ऑर्डर नसताना. आणि नुसतं विणून भागत नाही. प्रथिनाची घडी नीट बसली तरच ते कामाचं."

सून म्हणाली, "आमच्यात घड्या मीच घालतो की ओ मॅडम."

पेशीत हे काम ताण-प्रथिनं करतात, एचएसपी 70, एचएसपी 90 वगैरे. उष्णता, ताण वाढला की ती वाढतात. त्यांचा शोधही मजेशीर. इटलीत फेरुच्चिओ रितोसा यांच्या इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं आणि फळमाशीच्या गुणसूत्रांवर वेगळेच फुगवटे दिसले, ही प्रथिनं बनवणारी जनुकं जागी झाल्याची खूण. 1962 साली त्यांनी ते छापलं. बिघडलेला नमुना म्हणून बादलीत टाकला नाही. मामांना सांगता सांगता हे मलाच लागलं.

मायलोमाच्या पेशीवर विणकामाचा भार इतका, की एचएसपी 70 च्याच घराण्यातलं जीआरपी 78 नसेल तर ती गुदमरेल. घडी चुकलेला माल मोडीत काढायलाही पेशीत यंत्रणा असते, प्रोटिॲसोम. 2003 साली अमेरिकेत मंजूर झालेलं बोर्टेझोमिब हे औषध नेमकी तीच बंद पाडतं.

मामांनी मान हलवली. "चिंध्या उचलल्या नाहीत तर खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही."

"तसंच. पेशी आपल्याच चिंध्यांत मरते."

"मग त्या घड्या घालणाऱ्या गप बसतात?"

प्रश्न बिनतोड होता. बसत नाहीत. औषध पोचलं की पेशी एचएसपी 70 आणखी वाढवते आणि ते तिला मरू देत नाही. औषधाला दाद न देण्याचं हे एक कारण. जी प्रथिनं निरोगी पेशीला जगवतात, तीच हिलाही.

"त्यांना काय ओ," सून म्हणाली, "मालक कोण ते बघून थोडंच घड्या घालतात."

मामा उठताना कंबर धरून थांबले. इंजेक्शन कुठं देतात, विचारलं. पोटाच्या कातडीखाली, म्हटलं.

"म्हणजे हात मोकळे राहतात," ते म्हणाले, आणि फाइल सुनेकडे दिली.

त्या दिवसापासून निळी स्लाइड आली की मी बफरच्या आधी ईएसआर बघते.